परतीची अट लेखी द्या : कार्ड देणाऱ्या बँका आणि क्रेडिट ब्युरोंना खुले पत्र

प्रति,
क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांचे पत व जोखीम विभाग,
आणि पतमाहिती गोळा करणाऱ्या सर्व संस्था.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ज्याचं कर्ज एकदा थकलं आणि ज्याने नंतर ते फेडलं, अशा माणसाला पुन्हा साधं क्रेडिट कार्ड कधी मिळणार, हे त्याला कोणीच सांगत नाही. नकार सगळे देतात. पण आज नकार असेल तर होकार केव्हा आणि कशावर, याचं उत्तर ना शाखेत मिळतं, ना हेल्पलाइनवर, ना तुमच्या वेबसाइटवरच्या अटींच्या जंगलात. हे उत्तर तुमच्याकडे असतं. ते आम्हाला लेखी हवं आहे, म्हणून हे पत्र.

कर्जात अडकलेल्या लोकांना सल्ला देण्याचं काम मी करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मागे अजून वसुलीचे फोन चालू असतात. त्यांच्याविषयी आज लिहीत नाही. उरलेले जे येतात ते त्या दिव्यातून बाहेर पडलेले असतात. थकबाकी चुकती केलेली, नो ड्यूजचं पत्र फाइलला लावलेलं, महिन्याचा खर्च पगारात बसवायची सवय अंगवळणी पडलेली. त्यांचा प्रश्न एकच असतो, आता पुढे काय? त्यांना पुन्हा कार्ड हवं असतं आणि ते मागताना ते ओशाळलेले असतात, जणू काही गैर मागत आहेत.

कार्ड कशाला हवं, असं तुमच्यातल्याच काही अधिकाऱ्यांनी मला विचारलं आहे. एकदा पोळल्यावर पुन्हा त्या वाटेला जाताच कशाला, असा त्यामागचा सूर असतो. उत्तर सरळ आहे. हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती अडकली की माणसाचा खर्चाचाच पैसा अडकतो. ऑनलाइन फसवणूक झाली तर क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात वाद मिटेपर्यंत निदान बचत खातं रिकामं होत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण तुम्हीच निर्माण केलेलं आहे. तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे माणसाची पत दाखवणारा आकडा, उधारी घेऊन ती वेळेवर फेडल्यानेच सुधारतो. घरभाडं कितीही वर्षं वेळेवर भरा, वीजबिल एकदाही चुकवू नका, बहुतेक ठिकाणी त्याची क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदच होत नाही. म्हणजे उधारी मिळाल्याशिवाय सुधारल्याचा पुरावा तयार होत नाही आणि पुरावा असल्याशिवाय उधारी मिळत नाही. हे तिढ्याचं कुलूप ज्यांनी लावलं त्यांच्याकडेच किल्ली मागावी लागणार.

तुम्ही म्हणाल, किल्ली आम्ही दिलेली आहे. बँकेत ठेव ठेवा, ती तारण लावा, तिच्या बदल्यात सिक्युअर्ड कार्ड घ्या. खरं आहे. ही सोय चांगली आहे, आणि मी स्वतः लोकांना ती घ्यायला सांगते. ठेव तुमच्या ताब्यात असल्याने तुमची जोखीम जवळपास संपते आणि ग्राहकाला दर महिन्याला एक चांगली नोंद कमावता येते. तक्रार पुढच्या टप्प्याची आहे.

एक उदाहरण सांगते. नाव, गाव, बँक, काहीच सांगत नाही. हे गृहस्थ एका छापखान्यात मशीनवर होते. छापखाना बंद पडला, पगार थांबला, कार्डाचं बिल थकलं. पुढे दुसरीकडे नोकरी लागल्यावर त्यांनी ती थकबाकी पूर्ण भरली. सवलत मागितली नाही, सेटलमेंट (कमी रकमेत खातं मिटवण्याची तडजोड) केली नाही. मग ठेवीवर कार्ड घेतलं. माझ्यासमोर त्यांनी आपला रिपोर्ट छापून आणला होता आणि टेबलावर पसरला होता. जुन्या खात्याखाली महिन्यांच्या चौकटींची रांग होती, तिच्यात उशिराचे दिवस चढत गेलेले : 30, 60, 90, आणि त्यापुढे. नव्या कार्डाच्या रांगेत शून्य, शून्य, शून्य, थेट कागदाच्या कडेपर्यंत. त्या शून्यांवरून ते बोट फिरवत होते. एक बिल चुकलं नव्हतं, एक दिवस उशीर नव्हता.

त्यांनी बँकेला विचारलं, आता ठेव सोडवून साधं कार्ड मिळेल का? उत्तर आलं, "तुमच्या प्रोफाइलवर सध्या ऑफर दिसत नाही." ऑफर दिसण्यासाठी मी काय करायला हवं? "ते सिस्टिम ठरवते, सर." मग साधारण कधी? "अधूनमधून चेक करत राहा."

मी त्या फोनजवळ बसलेली होते. पलीकडच्या मुलीचा आवाज नम्र होता आणि तिची काही चूक नव्हती. तिच्या समोरच्या पडद्यावर जेवढं होतं तेवढंच ती सांगत होती. पण ज्या माणसाने आपल्या बाजूने सगळं केलं त्याला संस्थेकडून मिळालेलं उत्तर हे होतं : चेक करत राहा. माझं म्हणणं असं आहे की हे उत्तर देण्याचा अधिकार बँकेला नसावा. ठेव घेताना तुम्ही ग्राहकाकडून डझनभर कागदांवर सह्या घेता. त्यातल्या एका कागदावर तुमच्या बाजूचीही अट असू दे : इतके महिने सलग पूर्ण बिल वेळेवर भरलं, दरम्यान दुसऱ्या कुठल्या खात्यावर उशीर झाला नाही, उत्पन्न अमुक पातळीच्या वर राहिलं, तर ठेव मोकळी करू आणि कार्ड साधं करू. अमेरिकेतल्या काही बँका सहा-सात महिन्यांनंतर खातं आपोआप तपासायला घेऊ, असं जाहीर सांगतात. तेवढंही पुरेसं नाही, कारण तपासणीत काय बघणार ते झाकलेलंच राहतं. पण निदान तारीख तरी कळते. बाकीच्यांकडे तीही नाही, आणि वर्षानुवर्षं ठेव अडकून पडलेले ग्राहक मी बघते आहे. ज्याच्याकडे जेमतेम साठवलेलं असतं त्याचीच ती ठेव असते, हेही लक्षात घ्या.

आता मोजमापाकडे येते, कारण इथे नुकसान सर्वात जास्त आणि सर्वात कमी दिसणारं आहे.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या फायको या क्रेडिट स्कोअरची विभागणी जाहीर आहे. वेळेवर परतफेडीला 35 टक्के वजन, वापरलेल्या उधारीला 30, खात्यांच्या वयाला 15, नव्या अर्जांना 10 आणि उधारीच्या प्रकारांना 10. इतर स्कोअरची गणितं वेगळी असली तरी दिशा हीच. पहिला भाग आमच्या माणसाच्या हातात असतो : वेळेवर भरणं. दुसऱ्या भागात त्याची कोंडी होते. सिक्युअर्ड कार्डाची मर्यादा लहान असते. समजा ती 10,000 आहे. महिन्याचा किराणा, औषधं, मुलांच्या शाळेची एखादी पावती मिळून 7,000 खर्च झाले. स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, निघालं आणि त्या दिवशीची 7,000 ही बाकी ब्युरोकडे गेली. पुढे ड्यू डेटच्या आत त्याने पै न पै भरली, व्याज लागलं नाही, तरी ब्युरोच्या नोंदीत तो मर्यादेच्या 70 टक्के उधारी वापरणारा माणूस आहे. तेवढाच खर्च करून तेवढंच वेळेवर भरणारा शेजारी 1,00,000 च्या मर्यादेमुळे 7 टक्के वापरणारा ठरतो. वागणूक सारखी, पण एकाचा स्कोअर वर सरकतो आणि दुसऱ्याचा अडून राहतो. मर्यादा लहान का, तर स्कोअर खराब म्हणून. स्कोअर वर का येत नाही, तर मर्यादा लहान म्हणून.

यावरचा उपाय मी लोकांना शिकवते. ड्यू डेटची वाट बघू नका, स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधीच बरंचसं भरून टाका, म्हणजे ब्युरोकडे लहान आकडा जाईल. लोक मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवतात आणि भरतात. पण विचार करा, आपण माणसाला काय शिकवतो आहोत? तो कर्ज नीट फेडतो की नाही, याचा याच्याशी काहीही संबंध नाही. एका विशिष्ट दिवशी फोटो निघतो आणि त्या दिवशी नीट उभं राहायचं, एवढंच तो शिकतो. ज्याला हे सांगणारं कोणी भेटत नाही तो प्रामाणिकपणे पूर्ण बिल भरत राहतो आणि स्कोअर का हलत नाही म्हणून रात्री झोपत नाही.

हे बदलायला नवं तंत्रज्ञान शोधायची गरजही नाही. व्हँटेजस्कोअर 4.0 हे स्कोअर काढण्याचं मॉडेल 2017 मध्ये आणि फायको 10 टी हे 2020 मध्ये आलं. दोन्हींमध्ये एका दिवसाच्या बाकीऐवजी मागच्या 24 महिन्यांची चाल बघितली जाते : बाकी वाढत गेली की घटत गेली, दर महिन्याला पूर्ण भरणा झाला की फक्त मिनिमम ड्यू. सावरत असलेल्या माणसाचा खरा चेहरा इथे दिसतो. अशी मॉडेल्स उपलब्ध असताना त्याच माणसाला जुन्या एकदिवसीय मोजपट्टीवर नापास करायचं, ही निवड आहे, नाइलाज नव्हे. ब्युरोंना माझी विनंती आहे की बिलाची रक्कम आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम या दोन्ही बँकांकडून दर महिन्याला मागवा आणि दोन्ही मोजा. बँकांना विनंती आहे की सिक्युअर्ड कार्डाच्या अर्जाबरोबर एका ओळीत स्टेटमेंटच्या तारखेचं हे गुपित ग्राहकाला सांगा. एक ओळ पुरते.

जुन्या नोंदीच्या वयाबद्दलही बोलायला हवं. थकबाकीची आठवण ठेवण्याचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. बँक ठेवीदारांच्या पैशावर चालते, आणि ज्याचं कर्ज एकदा थकलं त्याचं पुन्हा थकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मला माहीत आहे. माझ्याकडे परत आलेलेही लोक आहेत. पण तुमचीच सूत्रं मानतात की नोंद जुनी होते तसं तिचं वजन उतरतं. मग उतरत्या वजनाला शेवटही असला पाहिजे. अमेरिकेत 1970 च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली बहुतेक वाईट नोंदी सात वर्षांनी काढाव्या लागतात, दिवाळखोरीची दहा वर्षांनी. ब्रिटनमध्ये थकबाकीची नोंद सहा वर्षांनी जाते. भारतात पतमाहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी असा नियम आहे. तिथे नियम खालची मर्यादा सांगतो.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने 7 डिसेंबर 2023 रोजी जर्मनीतल्या शुफा या खासगी क्रेडिट ब्युरोबाबत दोन निकाल दिले, ते प्रत्येक जोखीम विभागाने वाचावेत असं मला वाटतं. एका प्रकरणात प्रश्न कर्जमुक्तीच्या नोंदीचा होता. न्यायालयातून कर्जमुक्त झालेल्या माणसाची नोंद जर्मनीच्या सरकारी नोंदवहीत सहा महिने राहते, खासगी ब्युरो मात्र ती तीन वर्षं ठेवत होता. न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोंदवहीतून जे गेलं ते खासगी संस्थेला त्यापुढे ठेवता येणार नाही, कारण कर्जमुक्तीचा हेतूच माणसाने पुन्हा आर्थिक व्यवहारात यावं हा आहे. दुसऱ्या निकालात असं ठरलं की बँक जर प्रामुख्याने स्कोअरच्या जोरावरच होकार-नकार देत असेल, तर स्कोअर काढणं हाच एक स्वयंचलित निर्णय आहे आणि त्याला माहिती-संरक्षण कायद्याची बंधनं लागू होतात. "आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय बँक घेते" असं ब्युरोने म्हणायचं आणि "आम्ही काय करणार, आकडाच तसा आहे" असं बँकेने म्हणायचं, या दोघांच्या मध्ये माणूस लटकतो. त्या लटकण्याला तिथे कायद्याने उत्तर दिलं. बाकीच्या देशांतल्या नियामकांनी वाट कसली बघायची?

आणि एक यादी अशी आहे जी कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. ब्युरोकडची नोंद मुदत संपून निघून जाते, पण ज्या बँकेचं कर्ज थकलं होतं तिच्या स्वतःच्या दप्तरी ती राहते. माणूस त्याच बँकेकडे कार्ड मागायला जातो, स्कोअर चांगला असतो, उत्पन्न चांगलं असतं, तरी नकार. अशा माणसाला निदान एवढं तरी सांगा की आमच्याकडे तुम्हाला मिळणार नाही, दुसरीकडे जा. तो पुन्हा पुन्हा तुमच्या दारात अर्ज टाकत राहतो आणि दर अर्जागणिक स्वतःचं नुकसान करून घेतो.

ते नुकसान कसं होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रत्येक अर्जाबरोबर रिपोर्टवर चौकशीची एक नोंद पडते. अमेरिकेत ती दोन वर्षं दिसते, आणि फायकोच्या हिशेबात पहिले बारा महिने धरली जाते. घराच्या किंवा गाडीच्या कर्जासाठी चार ठिकाणी चौकशी केली तर थोड्या दिवसांतल्या चौकश्या एकच मानल्या जातात, कार्डाला मात्र ही सवलत नाही. म्हणजे नकार मिळालेल्या माणसाचा पुढचा अर्ज आधीच्यापेक्षा कमकुवत होऊन जातो. अर्जाआधी, रिपोर्टला धक्का न लावता, "तुम्हाला मिळण्याची शक्यता किती" हे सांगणारी सोय काही देशांत रुळलेली आहे. ती सगळीकडे सक्तीची व्हावी. तांत्रिकदृष्ट्या ती अवघड नाही, कारण जाहिरात करताना तुम्ही हीच सौम्य तपासणी करून "तुमच्यासाठी खास ऑफर" पाठवता.

नकाराच्या पत्राबद्दल थोडं. अमेरिकेतल्या 1974 च्या इक्वल क्रेडिट अपॉर्च्युनिटी कायद्याखाली अर्ज नाकारला तर 30 दिवसांत कळवावं लागतं आणि नेमकी कारणं द्यावी लागतात. "आमच्या अंतर्गत धोरणानुसार" एवढं कारण पुरत नाही, असं तिथल्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. 2022 मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने पुढे हेही सांगितलं की अल्गोरिदम गुंतागुंतीचा आहे, ही सबब चालणार नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार नकाराची नेमकी कारणं लेखी कळवणं बंधनकारक आहे. नियम असे आहेत, आणि माझ्या टेबलावर येणारी पत्रं अशी असतात : "अंतर्गत निकषांमुळे आपला अर्ज मंजूर करता येत नाही. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." शुभेच्छा नकोत. जुनी थकबाकी आड आली की मर्यादेचा वापर, उत्पन्न कमी पडलं की चौकश्या जास्त झाल्या, तेवढं लिहा. माणूस त्यावर काम करू शकतो.

सेटलमेंटचा विषय काढला की माझ्याकडचे लोक गप्प होतात, कारण इथे त्यांना फसवल्यासारखं वाटतं. थकबाकीच्या काळात वसुलीवाला फोन करतो, "अमुक रक्कम एकरकमी भरा, विषय संपवून टाका." घरातलं होतं नव्हतं ते गोळा करून माणूस भरतो. त्याला वाटतं, संपलं. काही वर्षांनी कार्डाचा अर्ज टाकल्यावर कळतं की खात्यापुढे "सेटल्ड" असा शिक्का आहे आणि बँक तो शिक्का कर्ज बुडवल्याच्या खालोखाल धरते. पूर्ण रक्कम भरली असती तर शिक्का वेगळा लागला असता, हे त्या फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. काहींना थोडी आणखी मुदत मिळाली असती तर त्यांनी पूर्ण भरलंही असतं. बँकेने सवलत दिली, तर तिची नोंद व्हावी हे योग्यच आहे. पण सेटलमेंटच्या पत्रावर मोठ्या अक्षरात लिहा की या नोंदीचा परिणाम काय होईल आणि किती वर्षं राहील. आणि पुढे कधी तो माणूस सोडलेली रक्कम भरायला स्वतःहून आला तर ती स्वीकारून नोंद बदला. काही बँका हे करतात. काही बँकांत असं विचारायला गेलेल्या माणसाला कुठल्या खिडकीवर पाठवायचं हेच कोणाला माहीत नसतं. खातं केव्हाच राइट-ऑफ होऊन, म्हणजे बुडीत धरलं जाऊन, दुसऱ्या कंपनीला विकलेलं असतं. माणूस पैसे द्यायला तयार आहे आणि ते घ्यायला कोणी नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

थकबाकीमागचं कारण तुमच्या चौकटीत बसत नाही, हेही मला कळतं. आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोटात जोडीदाराच्या वाट्याचं कर्ज अंगावर येणं, मित्रासाठी जामीन राहणं, या सगळ्यांचा ब्युरोच्या भाषेत एकच आकडा होतो. ब्रिटनमध्ये माणसाला आपल्या रिपोर्टवर 200 शब्दांपर्यंत खुलासा जोडता येतो, अमेरिकेत ब्युरो त्याला 100 शब्दांची मर्यादा घालू शकतो. तरतूद माणुसकीची आहे, पण स्कोअर काढणारं सूत्र त्या शब्दांना शून्य वजन देतं. म्हणून निदान एका पातळीवर माणसाने माणसाचा अर्ज वाचायची सोय हवी. प्रत्येक अर्ज नको. ज्याने नकारानंतर लेखी फेरविचार मागितला त्याचा तरी. त्या गृहस्थांचा रिपोर्ट, त्या शून्यांच्या रांगेसकट, तुमच्यातल्या कुठल्याही अनुभवी अधिकाऱ्याने पाच मिनिटं पाहिला असता तर निर्णय वेगळा झाला असता, याची मला खात्री आहे.

तुम्ही गप्प राहता तेव्हा ती पोकळी कोण भरून काढतं, तेही बघा. स्कोअर "साफ" करून देतो म्हणणारे. त्यांना फी आगाऊ हवी असते, आणि खऱ्या थकबाकीची नोंद कोणालाच पुसता येत नाही हे ते सांगत नाहीत. चुकीची नोंद दुरुस्त करायला ब्युरोकडे तक्रार माणूस स्वतः करू शकतो, त्याला दलाल लागत नाही. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने काम पूर्ण होण्याआधी अशी फी घ्यायला बंदी आहे. जिथे तशी बंदी नाही तिथे हा धंदा जोरात आहे. दुसरे येतात ते महागडी कार्डं विकणारे : मर्यादा लहान आणि प्रवेश शुल्क, वार्षिक शुल्क, देखभाल शुल्क यांनीच ती निम्मी खाल्लेली. अमेरिकेत 2009 च्या कार्ड कायद्याने पहिल्या वर्षाच्या अशा शुल्कांवर मर्यादेच्या 25 टक्क्यांची कमाल घातली, ती उगाच घातली नाही. तिसरे म्हणजे मिनिटात पैसे देणारी ॲप्स. सावरलेला माणूस तुमच्या बंद दारावरून या तिघांकडे वळतो आणि पुन्हा बुडाला की तुमचं सूत्र बरोबर ठरतं.

भारतातली एक गोष्ट मला आशा देते. 2025 च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत असं म्हटलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्याचा पतइतिहास नाही म्हणून नाकारला जाऊ नये. कोऱ्या पाटीच्या माणसासाठी हे झालं, फार चांगलं झालं. ज्याची पाटी एकदा खराब होऊन त्याने स्वतः घासून स्वच्छ केली, त्याच्यासाठीही असंच एखादं वाक्य लिहिता येईल : पूर्ण परतफेड केलेल्या आणि त्यानंतर ठराविक काळ एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचा अर्ज केवळ जुन्या थकबाकीच्या नोंदीवरून नाकारला जाऊ नये. पहिल्यांदा मागणाऱ्याबद्दल बँकेला काहीच माहीत नसतं. परत आलेल्याबद्दल तिला हे माहीत असतं की तो संकटात पडला, पळाला नाही, आणि त्याने फेडलं. ही माहिती त्याच्या बाजूने का मोजली जात नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही बँक अधिकाऱ्याने दिलेलं नाही.

मी सरसकट माफी मागत नाही. मोठी मर्यादा लगेच द्या असंही म्हणत नाही. लहान मर्यादेपासून सुरुवात व्हावी, ती हळूहळू वाढावी, चुकला तर थांबावी, हे सगळं मान्य. सावरणाऱ्या माणसालाही ते मान्य असतं, किंबहुना लहान मर्यादेत त्याला सुरक्षित वाटतं. त्याला हवी आहे ती ठरलेली अट आणि ठरलेली तारीख, मग ती 12 महिन्यांची असो वा 24. इतका काळ तो थांबायला तयार आहे. तो याहून कठीण काळातून आलेला आहे.

तेव्हा हे पत्र ज्या बँकेच्या पत विभागात पोहोचेल, तिथल्या प्रमुखांनी मला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि ते जाहीरपणे द्यावं. तुमच्याकडे ठेवीवर कार्ड घेतलेल्या आणि प्रत्येक बिल वेळेवर पूर्ण भरणाऱ्या ग्राहकाची ठेव तुम्ही किती महिन्यांनी मोकळी करता, आणि हा आकडा तुम्ही त्याला दिलेल्या कोणत्या कागदाच्या कोणत्या कलमात छापलेला आहे?

उत्तराची वाट पाहत आहे.

आपली,
एक कर्ज समुपदेशक